बादलीमास्तर

माझे धाकटे भावजी गाडी शिकवतात. शिकवतात म्हणजे शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसतात आणि त्याला मरू देत नाहीत. त्यांच्या बाजूला जादाचा ब्रेक असतो आणि त्यावर उजवा पाय ठेवून त्यांचा सगळा दिवस जातो. ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. जेवताना आमचे हे ऑफिसातली एखादी गोष्ट लांबवायला लागले की टेबलाखाली भावजींचा पाय हळूच दाबला जातो. ह्यांच्या ते लक्षात येत नाही. माझ्या येतं, आणि हसू दाबून मला घास गिळणं कठीण होतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी नुकतेच कमवायला लागले होते. पुढे त्यांनी लग्न केलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू दोरीवरचे कपडे काढायचे राहून गेले. मागची खोली त्यांची. तिथे एक पलंग, एक कपाट आणि कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी अवाढव्य. नवीन माणसाला वाटतं जुनं फर्निचर असेल. मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. चादरीखाली ड्रमसेट आहे. तो तिथे कसा आला आणि त्यावर चादर का पडली, ते सांगणारच आहे, पण आधी माझी अडचण सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

मी आमच्या वस्तीच्या केंद्रात नोकरी करते. खाली वाचनालय, वर एक लांबट खोली, आणि जिन्याखाली माझं टेबल. किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे भानगडीही माझ्याकडेच येतात. एका शाळेने जागा बदलताना आपला ड्रमसेट आम्हाला देऊन टाकला. आमचे सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू नुसती पडून राहिली की त्यांना नळ गळत असल्यासारखं वाटतं. त्यांनी ठरवलं की संध्याकाळी ड्रमचा वर्ग काढायचा, मुलांना आणि मोठ्यांना एकत्र. पाटी लागली आणि नावं भराभरा आली. मग साहेब मला म्हणाले, "आता फक्त शिक्षक तेवढा बघा." भाजीत फक्त मीठ तेवढं घाला म्हणावं, तशा आवाजात.

शिक्षक बघता बघता माझ्या नाकी नऊ आले. गाणं शिकवणारे गल्लोगल्ली सापडतात, पेटी आणि गिटार शिकवणारे फोनवरच तयार होतात. ड्रम म्हटलं की समोरचा आधी विचारतो, शेजारी कोण राहतं.

पहिला आला तो मानेपर्यंत केस वाढवलेला, काठ्या चामडी पिशवीतून आणणारा. त्याने असं काही वाजवलं की खालचे वाचक पेपर हातात घेऊन वर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "आता तुम्ही." कोणालाच जमेना. म्हणून त्याने पुन्हा वाजवून दाखवलं. पुन्हा टाळ्या. आमचा वर्ग त्याच्याकडे टाळ्या वाजवायला छान शिकला. मग त्याला कुठल्याशा बँडने दौऱ्यावर नेलं.

दुसरे गृहस्थ वयस्कर आणि भले होते. मोजणं पक्कं झाल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. मुलं दिवसभर शाळेत मोजून यायची आणि इथे बाकावर बसून परत मोजायची. निम्मा वर्ग गळाला. उरलेल्यांना त्यांनी एकदाचं सेटवर बसवलं, तर स्वतः समोर उभे राहून ओरडायचे, "उजवा! अहो, माझ्याकडे बघू नका, तुमचा उजवा!" माणूस त्यांच्याकडे बघायचा, मग आपल्या हातांकडे बघायचा, आणि तोवर ठेका निघून गेलेला असायचा. त्यांनी आपणहून हात टेकले.

तिसऱ्याने बेकरीवाल्या काकूंशी पंगा घेतला. या काकू आमच्या वर्गातल्या सगळ्यात नियमित विद्यार्थिनी. कोपऱ्यावरची बेकरी त्यांची, आणि मुलंबाळं मार्गी लागल्यावर आपण ड्रम वाजवायचा, हे त्यांनी म्हणे फार पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. तिसरा त्यांना म्हणाला, "काकू, या वयात मनगट वळत नाही." काकूंनी काठ्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, "माझं मनगट रोज वळतं म्हणून तुला सकाळी पाव मिळतो." दुसऱ्या दिवसापासून तो फिरकला नाही. पाव कुठून आणतो, कोणास ठाऊक.

शेवटी साहेबांनी सांगितलं की वर्ग बंद करा, सेट पलीकडच्या वस्तीच्या केंद्राला देऊन टाकू. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

घरात ड्रम वाजवणारा माणूस असताना मी बाहेर कशाला हिंडत होते, असं कोणीही विचारील. त्याचं उत्तर त्या चादरीखाली आहे.

भावजी तरुणपणी एका लाँड्रीची गाडी चालवायचे. एका मोठ्या हॉटेलचे टेबलक्लॉथ आणि चादरी रोज दुपारी पोचवायच्या. मागच्या अंगणात गाडी लावायची आणि आतली बाई सगळं मोजून सही देईपर्यंत थांबायचं. ती बाई सावकाश मोजायची. अंगणासमोर हॉटेलच्या हॉलची मोठी काच होती आणि आत दुपारी बँडचा सराव चाले. त्यांचा ड्रमवाला बरोबर काचेकडे तोंड करून बसायचा. काच जाड. ऐकू यायचं ते नुसतं धप धप, पण दिसायचं सगळं. भावजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बघत राहायचे. कोणता हात कधी उठतो, कोणता पाय कधी पडतो, झांज कुठे, मोठा ड्रम कुठे. ती बाई सही घेऊन आली तरी त्यांना कळायचं नाही.

पुढे त्यांनी कुठून कुठून जुने भाग जमवून ड्रमसेट आणला आणि मागच्या खोलीत मांडला, जसा दिसला होता तसाच. डोळ्यांना जे उजवीकडे दिसलं ते उजवीकडे, जे डावीकडे दिसलं ते डावीकडे. आरशात बघून भांग पाडणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. भावजी लिहितात उजव्या हाताने, जेवतात उजव्या हाताने, पण ड्रमवर त्यांचा डावा हात पुढे आणि मोठ्या ड्रमवर डावा पाय. सगळी मांडणीच फिरलेली. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे सांगायलाही कोणी नव्हतं. आणि वाजवायचे छान. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण नवी नवरी असताना त्या ठेक्यावर माझी भांडी कधी घासून व्हायची ते कळायचं नाही.

मग एकदा त्याच हॉटेलात कुठल्याशा कंपनीचा चहाचा कार्यक्रम होता आणि त्यांचा ड्रमवाला तापाने फणफणला. लाँड्रीतल्या कोणीतरी सांगितलं, आमचा गाडीवाला वाजवतो. भावजी नवा शर्ट घालून गेले. आम्ही दोघंही गेलो आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. ते स्टेजवर चढले, बसले, काठ्या उचलल्या, आणि मी त्यांचा चेहरा बघितला. आपण आपल्या घरात शिरावं आणि कोणीतरी सगळं सामान हलवून ठेवलेलं असावं, तसा तो चेहरा होता. सेट हलवायला वेळ नव्हता, गाणं सुरू झालं होतं. हात झांजेकडे गेला तर तिथे ड्रम. ड्रमकडे गेला तर तिथे काही नाही. दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि एक खाली पडली. बँडचा म्होरक्या माइकवरून म्हणाला, "आमच्या मित्राला पत्ता चुकलाय." सगळा हॉल हसला. लोक वाईट नव्हते. ते हसण्यासारखंच होतं.

घरी आल्यावर दारात चपला काढताना भावजी म्हणाले, "वहिनी, मी सगळंच उलटं शिकलो." त्या संध्याकाळी सेटवर चादर पडली. काही दिवसांनी त्यांनी लाँड्री सोडली आणि गाडी शिकवायला लागले. डावखुरे लोक सेट असाच मांडतात, त्यात काही पाप नाही, हे मला फार नंतर कळलं. पण भावजी डावखुरे नव्हते. तसं सांगून सुटायची सोयही त्यांना नव्हती.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. ते बोलता येईना आणि ती चादरही बघवेना. म्हणून मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. आमच्या घरात ड्रम या विषयावर एवढंच बोलणं झालं.

तर केंद्रातला सेट पाठवून द्यायचा ठरलं, तेव्हा मी भावजींना एवढंच म्हटलं, की तो नीट सुटा करून द्या, मला त्यातला स्क्रू कळत नाही. ते कामावरून परस्पर आले, खिशात पाना घेऊन. त्यांनी एका झांजेचा स्क्रू सैल केला असेल नसेल, तेवढ्यात बेकरीवाल्या काकू जिना चढून आल्या. पीठ लागलेला एप्रन तसाच.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "जातोय तर जाऊ दे, पण मला एकदा बसून घेऊ द्या."

त्या बसल्या. काठ्या हातात घेतल्या आणि थोडी खाडखूड केली. मग भावजींना म्हणाल्या, "तुम्हाला स्क्रू कळतात म्हणजे वाजवताही येत असेल. दाखवा की."

"मला या सेटवर येत नाही."

"मग कशावर येतं?"

भावजींनी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाना खिशात घालून निघणार. पण काकूंना नाही म्हणणं सोपं नाही. त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या, फरशी पुसायची बादली पालथी घातली आणि काकूंच्या समोर बसले. एका खुर्चीची पाठ झांज, दुसरीची बैठक मधला ड्रम, आणि मोठ्या ड्रमच्या जागी डाव्या पायाने बादलीला ठोकर. साधा, पहिल्या दिवशी शिकवतात तसला ठेका. त्यांचा डावा हात उठला. समोर काकूंचा उजवा हात उठला. त्यांचा डावा पाय पडला, काकूंचा उजवा पाय पडला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. समोरच्या माणसाकडे बघताना आपले हात आपोआप आरशासारखे वागतात, आणि भावजी तर आरशातलंच शिकलेले. त्यांच्याकडे बघून काकूंच्या हातून जे निघत होतं ते अगदी सरळ होतं.

मी किल्ल्या घेऊन आले होते, ती दारातच उभी राहिले. काकू चुकत होत्या, थांबत होत्या, पण "माझा उजवा कुठला" असं एकदाही झालं नाही. घाईत आल्या की भावजींचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा, आणि काय कळायचं कोणास ठाऊक, काकू हळू व्हायच्या. शेवटी काकूंनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि त्या धापा टाकत हसायला लागल्या. भावजी काकूंच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग सैल केलेला स्क्रू त्यांनी परत आवळला.

मी साहेबांना सांगितलं की शिक्षक मिळाला. साहेब खूश झाले, पण माणूस शिस्तीचा. "शिक्षकाला आधी स्वतःला वाजवता आलं पाहिजे," ते म्हणाले. "रविवारी सभासद जमतील, त्यांच्यासमोर एकदा वाजवून दाखवू दे." यात चुकीचं काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

जेवताना मी विषय काढला. टेबलाखाली ब्रेक लागला. "नको, वहिनी," भावजी म्हणाले. ह्यांनी तोंड उघडलं तर तिथेही ब्रेक लागला. मला मनातून कळत होतं, की आत्ता जर भावजींनी पाठ फिरवली तर ती चादर जन्मात निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या काकू गरम पाव घेऊन थेट घरी आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "मास्तर," त्या म्हणाल्या, आणि भावजींनी मागे वळून बघितलं, आपल्यामागे आणखी कोणी आहे का म्हणून. "मला बाकी काही कळत नाही. तुमच्याकडे बघितलं की माझे हात चालतात. तुम्ही आला नाहीत तर मी बघू कोणाकडे?"

"बघू," भावजी म्हणाले.

आमच्या घरात हे "बघू" म्हणाले तर त्याचा अर्थ "नाही" असा. भावजी म्हणाले तर "हो".

आता पुढचा पराक्रम माझा. मी विचार केला, भावजींचं सगळं अडतंय ते सेटच्या मांडणीवर. तो जर आधीच फिरवून ठेवला, तर ऐनवेळी धांदल नको. यांना समोरून दिसतो तसा सेट लागतो ना, मग समोरची बाजू मागे नेली की काम झालं. रविवारी सकाळी मी ह्यांना घेऊन केंद्रात गेले. सेट गालिच्यावर मांडलेला होता. आम्ही दोघांनी गालिचा दोन टोकांना धरला आणि सगळा संसार जसाच्या तसा गर्रकन फिरवला. ह्यांच्या कमरेत उसण भरली. मी खुर्च्या मांडल्या, फडकं मारलं, आणि आपल्या अकलेवर खूश होऊन भावजींची वाट बघत बसले.

सभासद आले. वर्गातली उरलेली मुलं आली आणि पुढे जमिनीवर बसली. काकू एप्रन न घालता आल्या, त्यामुळे क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. भावजी आले आणि दारातच थांबले. वाजवणाऱ्याचं स्टूल आता लोकांच्या बाजूला आलं होतं. त्यावर बसणारा सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसणार होता. आणि त्या स्टुलावरून बघितलं तर झांज होती तिथेच होती, ड्रम होता तिथेच होता. सेट नुसता फिरला होता, बदललं काहीच नव्हतं.

भावजी माझ्याजवळ आले. "वहिनी, हे तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी फिरवून ठेवला. बसा आता."

त्यांनी सेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागे कमरेला हात लावून उभ्या राहिलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. आणि ते हसले. तोंडातल्या तोंडात नाही, चांगले मोठ्याने. मला काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण ड्रमच्या शेजारी उभे राहून भावजी हसतायत, एवढं कळलं. मग मीही हसले.

"हे काय?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "वाजवणाऱ्याने आमच्याकडे पाठ करून बसायचं?"

"वाजवणार काकू," भावजी म्हणाले. "काकू, बसा."

काकू लोकांकडे पाठ करून सेटवर बसल्या. भावजी दोन खुर्च्या आणि ती बादली घेऊन पलीकडे, भिंतीला लागून बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता काकू, मुलं, सभासद, सगळेच्या सगळे भावजींच्या समोर होते. माझ्या घोळाने सबंध खोली त्यांची विद्यार्थी झाली होती.

त्यांनी सावकाश सुरुवात केली. काकूंनी उचललं. मुलांनी जमिनीवर हात मारायला सुरुवात केली. मग सभासदांच्या गुडघ्यांवर हात पडायला लागले, आधी चोरून, मग उघड. काकू मध्येच सुटल्या तर भावजी थांबले नाहीत, फक्त पाय दाबून वेग कमी केला आणि त्या परत आत आल्या. साहेब मांडीवरच्या फाइलवर बोटं वाजवत होते, आणि त्यांची चूक होत नव्हती. मी त्यांच्याकडेच बघत होते. माझं बोलाल तर मी दारावर वाजवत होते.

संपल्यावर टाळ्या काकूंना मिळाल्या, त्यांच्या पाठीला. साहेबांनी घसा साफ केला. "वर्ग चालू करा," ते म्हणाले. मग हिशेब बाकी ठेवणं त्यांच्या रक्तात नाही म्हणून म्हणाले, "पण तुम्ही स्वतः वाजवायचं राहिलंच."

"राहिलं खरं," भावजी म्हणाले.

वर्ग सुरू झाला आणि भरला. मुलांनी त्यांचं नाव बादलीमास्तर ठेवलं. मग गाडी शिकणारेही त्यांना तेच म्हणायला लागले. पोरं शिकली, पोरांच्या आया शिकल्या, साहेबही मागच्या खुर्चीत बसून फाइल वाजवायला यायचे. भावजी खुर्च्या आणि बादलीवर शिकवत राहिले. सेटला त्यांनी स्क्रू आवळण्यापलीकडे कधी हात लावला नाही. मला वाटलं होतं की वर्ग सुरू झाला की घरातली चादर निघेल. नाही निघाली. मी इस्त्रीचे कपडे ठेवत राहिले, आणि ठेवताना दर वेळी चिडत राहिले. कोणावर ते सांगता येणार नाही. बहुतेक चादरीवरच.

काकू मात्र पुढे जात होत्या. त्यांच्या मनगटात मळलेल्या पिठाची सगळी वर्षं होती. एक दिवस त्या काठ्या ठेवून म्हणाल्या, "मास्तर, आता खुर्चीवर भागत नाही. तुम्ही त्या पाठीवर मारता ते पायाने उघडलेल्या झांजेवर की मिटलेल्या, मला कळत नाही. खुर्ची सगळीकडे सारखीच वाजते. एकदा मला खरं ऐकू द्या."

भावजींनी पालथी बादली सुलटी करून ठेवली. मग म्हणाले, "बघू."

त्या रविवारी मी बाजारातून आले आणि पिशवी ठेवायला आमच्या खोलीत गेले. माझ्या पलंगावर इस्त्रीचे कपडे होते. ह्यांचे शर्ट, माझे दुपट्टे, उशांचे अभ्रे, सगळं नीट घडी करून, मोजे सुद्धा जोडीजोडीने. वर चादर होती, तिचीही घडी घातलेली. मागच्या खोलीचा कोपरा रिकामा होता. मी त्या कपड्यांच्या शेजारी बसले आणि थोडी रडले. आमच्या ह्यांना हे अजून माहीत नाही.

खिडकीतून बघितलं तर खाली भावजींची शिकवायची गाडी उभी होती, टपावर शिकाऊची पाटी. मागच्या सीटवर ड्रम रचलेले, आणि पुढे, जिथे शिकणारा बसतो तिथे नव्हे, त्यांच्या स्वतःच्या सीटवर, मोठा ड्रम पट्टा लावून बसवलेला. चालवायला ते स्वतः बसले होते. मी चप्पल पायात सरकवली आणि धावत खाली गेले. मागे ड्रमांच्या कडेला जेमतेम जागा होती, तिथे केंद्रापर्यंत मांडीवर झांजा घेऊन चेपून बसले.

वरच्या खोलीत त्यांनी आपला सेट केंद्राच्या सेटसमोर मांडला. दोन्ही एकमेकांकडे तोंड करून. मी बाजूला उभी होते आणि मला पहिल्यांदा ते लख्ख दिसलं. इकडची झांज तिकडच्या झांजेसमोर, इकडचा ड्रम तिकडच्या ड्रमसमोर, मध्ये आरसा ठेवल्यासारखं. काकू आपल्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या आणि त्यांनाही ते दिसलं असावं, कारण त्या एकदा इकडच्या झांजेकडे, एकदा तिकडच्या झांजेकडे बघत होत्या.

भावजींनी काठ्या घेतल्या. पहिले दोन फटके चुकले. चामडं सैल पडलं होतं, झांज गंजलेली. मग हात बसला. तो ठेका मी ओळखला. माझी भांडी ज्यावर घासून व्हायची तोच होता. ते फार वेळ वाजवत बसले नाहीत. थांबून काकूंना म्हणाले, "आता तुम्ही."

काकूंनी उचललं. उघडी झांज, मिटलेली झांज, मोठा ड्रम, सगळं जागच्या जागी. मला वाटलं भावजी त्यांच्याबरोबर वाजवतील. पण त्यांनी काठ्या गुडघ्यांवर ठेवल्या आणि नुसते बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं म्हणून.

"वहिनी, त्या काचेतून असंच दिसायचं," ते म्हणाले. "झांज या हाताला, मोठा ड्रम त्या बाजूला. तो वाजवायचा तेव्हा अगदी असंच." त्यांनी काठीने समोर दाखवलं. "म्हणजे मी नीट बघितलं होतं."

काकूंचे हात मंदावले. "मास्तर, थांबू का?"

"नको," भावजी म्हणाले. "वाजवा. मी बघतोय."